तळ्याकाठचा पहिला दिवस : ‘कपडे ऐच्छिक’ उद्यानांचा इतिहास

विषय जाहीर झाला तेव्हाच दोघातिघांनी मला विचारलं, की हे इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? विषय साधा आहे. तळ्याकाठी एक उद्यान आहे, तिथे कपडे घालायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि तिथे एक माणूस आयुष्यात पहिल्यांदाच चालला आहे. त्याच्या मनात काय चाललेलं असतं? आणि तो ज्या फाटकातून आत जातो ते फाटक तिथे आलं कुठून? यातला दुसरा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचं उत्तर कळल्याशिवाय पहिल्याचंही नीट कळत नाही.

आधी आपले शब्द बघू. शेतात राबणारा माणूस ‘उघडा’ असतो. अंगणातलं पोर ‘नागडं’ असतं. देवळावरचं शिल्प ‘नग्न’ असतं. साधू मात्र ‘दिगंबर’. आणि एखाद्याला ‘नागवलं’ म्हटलं, की त्याला लुबाडलं. अंगावर कपडा नाही ही गोष्ट एकच, पण तो कोणाच्या अंगावर नाही यावर शब्द ठरतो आणि आदरही ठरतो. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला नागा साधू स्नानाला निघाले की आपण रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहतो. म्हणजे संन्याशाला मुभा आहे. पण संसारी माणसाला, त्याच्या बायकोला, रविवारी दुपारी पोहायला गेल्यावर ती असावी का? हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी काही लोकांनी गंभीरपणे विचारला.

आता गंमत बघा. पाश्चात्त्य अर्थाने ज्याला नग्नतावादी मंडळ म्हणतात, त्यातलं सगळ्यात जुनं, निदान आज माहीत असलेलं, युरोपात निघालं नाही. ते निघालं १८९१ साली, आपल्या माथेरानात! चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातले जिल्हा व सत्र न्यायाधीश. विधुर गृहस्थ. त्यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचं मंडळ काढलं. सभासद किती? तीन. एक ते स्वतः आणि बाकीचे दोघे एका मिशनऱ्याचे मुलगे. इंग्लंडमधले विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्ड पत्रं लिहीत, त्यामुळे आपल्याला हे कळलं. पुढे क्रॉफर्ड यांची बदली रत्नागिरीला झाली, मंडळ विस्कटलं आणि १८९४ साली ते वारले.

ही नुसती चुटक्यासारखी सांगायची गोष्ट नाही. ज्या काळात गोरे साहेब आणि मिशनरी इथल्या उघड्या अंगाच्या माणसाला ‘असंस्कृत’ म्हणत होते, त्याच काळात एक साहेब डोंगरावर जाऊन कपडे उतरवत होता आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणत होता. घाट चढून ओझी आणणारा हमाल उघडा, तो मागासलेला. आणि वर बंगल्यातला न्यायाधीश उघडा, तो विचारवंत. ही दुटप्पी नजर ध्यानात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत ती पुन्हा भेटणार आहे.

आता जर्मनीत जाऊ. तिथे हा प्रयोग तीन माणसांपुरता राहिला नाही, त्याची चळवळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन शहरं कारखान्यांनी भरून गेली होती. बर्लिनच्या मजूर वस्त्या म्हणजे एकामागे एक चौक, आतल्या खोल्यांना ऊन नाही, घरोघरी क्षयरोग. त्यातून ‘जीवनसुधारणा’ चळवळ निघाली. शाकाहार करा, दारू सोडा, मोकळ्या हवेत राहा, अंगाला ऊन लागू द्या. याच विचारातून जर्मन लोक ज्याला ‘फ्रायक्योर्परकुल्टुर’ म्हणतात, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती, ती आली. तोंडी बोलताना तिला नुसतं ‘एफकेके’ म्हणतात.

१९०३ साली पाउल त्सिमरमन या गृहस्थाने ल्यूबेक शहराजवळ, क्लिंगबर्ग इथे तळ्याकाठी एक जागा उघडली. नाव ठेवलं ‘फ्रायलिश्टपार्क’, म्हणजे मोकळ्या प्रकाशाचं उद्यान. अशा प्रकारच्या पहिल्या उद्यानांमध्ये त्याची गणना होते. बाहेरच्या माणसाला वाटतं की तिथे मौजमजा चालत असेल. प्रत्यक्षात ते आपल्याकडच्या एखाद्या निसर्गोपचार आश्रमासारखं होतं. सकाळी व्यायाम, जेवण शाकाहारी, मग पोहणं, फिरणं आणि ऊन.

या क्लिंगबर्गला १९३० च्या सुमारास परदेशातून पाहुणे येऊ लागले, आणि आपल्या विषयासाठी ते फार महत्त्वाचे आहेत. फ्रान्सिस आणि मेसन मेरिल हे अमेरिकन जोडपं. त्यांनी ‘अमंग द न्यूडिस्ट्स’ हे पुस्तक १९३१ साली काढलं. त्याचा गाभाच मुळी ‘पहिल्यांदा जाणं’ हा आहे. त्यात धास्ती दिसते ती सगळी जाण्याआधीची. लोक काय म्हणतील, आपलं शरीर कसं दिसेल, आपण कुठे बघायचं? आणि गेल्यावर? आजूबाजूला सगळेच तसे असताना थोड्याच वेळात ती ओसरते आणि माणूस नेहमीच्या गोष्टींकडे वळतो. पाणी गार आहे का, भूक लागली का. अशा जागी पहिल्यांदा गेलेल्या माणसांच्या हकिकती तुम्ही कुठल्याही देशातल्या वाचा, हा क्रम बहुधा असाच सापडतो.

दुसरे पाहुणे हॉवर्ड वॉरन. हे प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे माजी अध्यक्ष. १९३२ साली, साठी उलटून गेल्यावर, ते क्लिंगबर्गला जाऊन राहिले आणि १९३३ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकात त्यावर निबंध लिहिला. देह झाकण्याची सक्ती ही उपजत नसून शिकवलेली आहे, असा त्यांचा रोख. कल्पना करा, आयुष्यभर प्रयोगशाळेत काढलेला प्राध्यापक या वयात टॉवेल खांद्यावर टाकून तळ्याकडे चालला आहे. पण त्याशिवाय त्यांना हे लिहिताही आलं नसतं.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, वा! कपडे गेले की भेदही गेले. साहेब कोण आणि मजूर कोण ते ओळखू येत नाही, सगळे समान. मंडळी, इथेच जरा थांबायला हवं. इतिहास असं सांगत नाही.

बर्लिनमध्ये आडोल्फ कोख नावाचे शिक्षक होते. समाजवादी विचारांचे. मजुरांच्या मुलांची खुरटलेली शरीरं त्यांनी पाहिली होती, म्हणून त्यांनी व्यायामशाळा काढल्या. स्त्री, पुरुष, मुलं एकत्र, विवस्त्र व्यायाम करत, शिवाय डॉक्टरी तपासणी. बर्लिनच्या दक्षिणेला मोत्सेन नावाचं तळं आहे, तिथे त्यांच्या लोकांचा तळ पडे. कोख यांच्या दृष्टीने हा कामगाराच्या हक्काचा प्रश्न होता. श्रीमंताला समुद्रकिनारा मिळतो, मग मजुराला निदान ऊन तरी मिळू दे.

त्याच देशात, त्याच काळात हान्स सुरेन नावाचे माजी लष्करी अधिकारी होते. त्यांचं ‘मेन्श उंड झोने’ म्हणजे ‘माणूस आणि सूर्य’ हे पुस्तक १९२४ साली आलं आणि भरपूर खपलं. पिळदार अंगं, तेल लावलेली त्वचा. १९३६ साली ते पुन्हा निघालं तेव्हा उपशीर्षकात ‘आर्य’ शब्द आला होता. त्यांच्याही आधी रिचर्ड उंगेविटर यांनी नग्नतेचा प्रचार केला तो वंशशुद्धीसाठी. निरोगी जर्मनाने निरोगी जर्मन पारखून घ्यावी, हा हिशेब. ऊन तेच, पाणी तेच, उघडं अंग तेच. एकाला त्यात समता दिसली, दुसऱ्याला वंश. कपडे उतरवल्याने डोक्यातलं काही उतरत नाही.

नाझी सत्तेवर आल्यावर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ३ मार्च १९३३ रोजी गोरिंगने प्रशियात या ‘नग्न संस्कृती’विरुद्ध फर्मान काढलं. कोख यांची शाळा बंद पडली. पण वंशवादी गट नव्या नावांनी चालू राहिले आणि १९४२ साली तर इतरांच्या नजरेआड विवस्त्र पोहायला कायदेशीर वाटही मिळाली. म्हणजे राजवटीचं भांडण नग्नतेशी नव्हतंच. ती कोणाच्या ताब्यात आहे, याच्याशी होतं.

युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट सरकारनेही बंदी घालून पाहिली. लोक ऐकेनात. शेवटी १९५६ साली नियम झाला की पाटी लावून आखून दिलेल्या जागी पोहायला हरकत नाही. पुढे तिथे हे इतकं सर्वसामान्य झालं की कुटुंबंच्या कुटुंबं, आजीपासून नातवापर्यंत, तशीच पाण्यात उतरत. मग १९९० साली जर्मनी एक झाली, पश्चिमेकडचे पर्यटक आले आणि बाल्टिक किनाऱ्यावर वाद पेटले. वर्षानुवर्षं जिथे कोणाला संकोच वाटला नव्हता तिथे आता वाटू लागला. शरीरं बदलली नव्हती. बघणारे बदलले होते.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मराठीत काय होतं? रघुनाथ धोंडो कर्वे होते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते थेट १९५३ साली आपल्या मृत्यूपर्यंत. मुखपृष्ठावर नग्न चित्र छापायला ते कचरत नसत, आणि शरीराची लाज बाळगायचं कारण नाही, हे त्यांनी सरळ मराठीत लिहिलं. मेरिल दांपत्याचं पुस्तक अमेरिकेत निघालं त्याच १९३१ साली इकडे कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड २०० रुपये. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं, एवढाच तो गुन्हा. क्लिंगबर्गला निदान तळं होतं, भोवती झाडं होती आणि आत आलेल्यांची एकमेकांना सोबत होती. कर्व्यांकडे होतं एक मासिक आणि मोजके वर्गणीदार. एकट्याने आणि चव्हाट्यावर हे बोलणं किती जड असेल, याचा अंदाज करा.

आता आजच्या काळात येऊ. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन शहर आहे. आपली बरीच मराठी मंडळी तिथे संगणकाच्या नोकऱ्यांत आहेत. शहराजवळ कोलोरॅडो नदीवर १९४० च्या सुमारास धरण झालं आणि ट्रॅव्हिस तळं तयार झालं. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका खडकाळ काठावर हिप्पी तरुण विवस्त्र पोहू लागले. लोकांनी त्या जागेला ‘हिप्पी हॉलो’ म्हणायला सुरुवात केली. पुढे ट्रॅव्हिस काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा प्रशासनाने, ती जागा चालवायला घेतली. आज ते तिकीट काढून जायचं सरकारी उद्यान आहे, आणि कपडे ऐच्छिक असलेलं, कायद्याने मान्य असं टेक्सासमधलं एकमेव सार्वजनिक उद्यान आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे वाळू मिळत नाही. चुनखडीच्या दगडांच्या पायऱ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे कपडे काढले तरी चपला ठेवाव्या लागतात. फाटकावर वयाची अट आहे, १८ वर्षं पूर्ण. या अटीविरुद्ध नग्नतावाद्यांची संघटना कोर्टात गेली होती. आम्ही कुटुंबवत्सल माणसं आहोत, मुलांना आणू द्या, असं त्यांचं म्हणणं. अपील कोर्टाने २००० साली काउंटीच्या बाजूने निकाल दिला. पूर्व जर्मनीत आजी आणि नातू एकत्र पोहत, टेक्सासमध्ये नातवाला फाटकातच थांबावं लागतं. एका समाजाने यात आरोग्य पाहिलं, दुसऱ्याने ही फक्त प्रौढांची बाब ठरवली.

आणखी एक फरक आहे. क्लिंगबर्गला येणारे एका विचाराने येत. हिप्पी हॉलोत कोणीही येऊ शकतो, आणि ‘ऐच्छिक’ म्हणजे कपडे घातलेला माणूसही शेजारी बसलेला असू शकतो. मग तिथे विश्वास टिकतो कशावर? तर काही साध्या संकेतांवर. बसण्याआधी खाली आपला टॉवेल अंथरा. टक लावून बघू नका. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. अनोळखी माणसाच्या अगदी जवळ जाऊन पथारी टाकू नका. पहिल्यांदा जाणारा मनातल्या मनात घोकत असतो की ‘मला लोक कसे बघतील’. हे सगळे संकेत मात्र त्याला उलटं विचारतात, ‘तू लोकांकडे कसा बघणार आहेस?’

माझं म्हणणं एवढंच आहे. अशा उद्यानातला मोकळेपणा कपडे काढल्याने आपोआप येत नाही. बघणाऱ्यांनी आपसात एक करार केलेला असतो, त्यातून तो येतो. कराराला कधी कायद्याची पाटी लागते, कधी नुसती सवय पुरते. करार मोडला की तेच तळं पुन्हा धास्तीचं होतं. आज खिशाखिशात कॅमेरा आहे, आणि एका माणसाने काढलेलं चित्र क्षणात जगभर जातं. त्या काळच्या पाहुण्यांना ही काळजी नव्हती. म्हणून कराराची गरज आज तेव्हापेक्षा जास्त आहे.

आणि ही गोष्ट त्या तळ्यापुरती आहे असंही समजू नका. पोहायच्या तलावावर पहिल्यांदा येणारी आपली एखादी मावशी, व्यायामशाळेच्या दारात घुटमळणारा जाडा मुलगा, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर उभी राहणारी बाई, या सगळ्यांच्या मनात थोड्याफार फरकाने तीच धास्ती असते. कपडे अंगावर ठेवूनही आपण तिथे कशा नजरेने बघायचं, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, संकोच करू नका.