डब्ल्यूडीजी-३ए

डब्ल्यूडीजी-३ए हा भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरील मालवाहू डिझेल-विद्युत इंजिनांचा एक वर्ग आहे. १९९५ मध्ये सेवेत दाखल झालेल्या या वर्गाचे मूळ नाव डब्ल्यूडीजी-२ असे होते. वाराणसी येथील डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात त्याची एक हजाराहून अधिक इंजिने तयार झाली. केवळ मालवाहतुकीसाठी रचलेला आणि भारतात मोठ्या संख्येने बांधला गेलेला हा पहिला ब्रॉडगेज डिझेल वर्ग मानला जातो.

नाव
नावातील 'डब्ल्यू' हे अक्षर ब्रॉडगेज, 'डी' डिझेल व 'जी' मालवाहतूक दर्शवते. नंतरच्या पद्धतीनुसार अंक हजार अश्वशक्ती आणि त्यापुढील अक्षर शेकडा अश्वशक्ती सुचवते. 'ए' म्हणजे शंभर. त्यामुळे ३,१०० अश्वशक्तीच्या या इंजिनास '३ए' हे पद मिळाले.

पार्श्वभूमी
१९६२ पासून भारतीय रेल्वेच्या डिझेल वाहतुकीचा मुख्य आधार डब्ल्यूडीएम-२ हा वर्ग होता. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्यावर आधारलेले हे २,६०० अश्वशक्तीचे इंजिन वाराणसीत १९६४ पासून तयार होऊ लागले. त्याच्या नावातील 'एम' हे अक्षर संमिश्र वापराचे निदर्शक आहे. एकच इंजिन प्रवासी गाड्या आणि मालगाड्या दोन्ही ओढत असे. अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, परंतु तिच्या २५१ मालिकेच्या इंजिनाचा विकास भारतात पुढे चालू राहिला.

कोळसा, लोहखनिज व सिमेंट यांची वाहतूक वाढली, तसतशा मालगाड्या अधिक जड होऊ लागल्या. 'बॉक्सएन' प्रकारची भरलेली उघडी वाघीण सुमारे ८१ टन वजनाची असते. अशा ५८ वाघिणींची गाडी सुमारे ४,७०० टनांची होते. शंभरात एक चढावर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी अशा गाडीला सुमारे ४७ टन ओढ लागते. डब्ल्यूडीएम-२ ची सुरुवातीची ओढ सुमारे ३०.५ टन होती. त्यामुळे एकाहून अधिक इंजिने जोडणे भाग पडत असे.

रचना
इंजिनाची शक्ती वाढवली तरी चाके रुळावर घसरू लागल्यास ती वाया जाते. म्हणून या वर्गाच्या रचनेत अश्वशक्तीइतकेच महत्त्व चाक आणि रूळ यांच्यातील पकडीला देण्यात आले. १६ सिलिंडरच्या अल्को इंजिनाची शक्ती सुधारित टर्बोचार्जर आदी बदलांनी ३,१०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवते, त्यातून निघणारा प्रत्यावर्ती प्रवाह रेक्टिफायर एकदिश करतो आणि तो प्रवाह सहा आसांवरील सहा कर्षण मोटारींना मिळतो.

पुढील तीन बदलांमुळे हा वर्ग डब्ल्यूडीएम-२ पेक्षा वेगळा ठरतो.

वजन: डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन, तर डब्ल्यूडीजी-३ए चे १२३ टन आहे. त्यामुळे प्रत्येक आसावर १८.८ ऐवजी २०.५ टन भार येतो आणि पकड वाढते.

बोगी: जुन्या बोगीत आसांमधील अंतर असमान होते आणि जोर लावताना काही आसांवरील भार कमी होऊन चाके घसरत. नव्या 'उच्च पकड' बोगीत सर्व मोटारी एकाच दिशेने बसवल्यामुळे भार अधिक समप्रमाणात विभागला जातो.

दातेरी चक्रे: मोटार व आस यांच्यातील दात्यांचे प्रमाण ६५:१८ वरून ७४:१८ करण्यात आले. त्यामुळे ओढ वाढली, मात्र कमाल वेग ताशी १२० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर आला.

परिणामी सुरुवातीची ओढ सुमारे ३७.९ टन झाली. अश्वशक्ती सुमारे १९ टक्क्यांनी वाढली असता ओढ सुमारे २४ टक्क्यांनी वाढली.

महाराष्ट्रातील वापर
पुण्यातील डिझेल शेडकडे या वर्गाची इंजिने होती. विद्युतीकरणापूर्वी पुणे–मिरज–कोल्हापूर, मनमाड–नांदेड आणि कोकण रेल्वे हे राज्यातील प्रमुख डिझेल मार्ग होते. कमाल वेगाची मर्यादा असूनही या वर्गाची इंजिने प्रवासी गाड्यांनाही जोडली जात.

विदर्भातील परिस्थिती वेगळी होती. नागपूरच्या ईशान्येस असलेले कन्हान हे मुंबई–हावडा मुख्य मार्गावरील जंक्शन असून तेथून रामटेककडे शाखा जाते. हा परिसर कामठी कोळसाक्षेत्रात येतो. जवळच कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आहेत. येथील मुख्य मार्गावर विद्युत इंजिने धावतात. मात्र कोळसा वरून वाघिणीत टाकला जातो त्या जागी रुळावर विद्युत तार टांगणे अडचणीचे असते. अशा सायडिंगमध्ये तारेवर अवलंबून नसलेले डिझेल इंजिन उपयुक्त ठरते.

नंतरचे वर्ग
१९९९ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या तंत्रज्ञानावर आधारित ४,००० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-४ इंजिन भारतात आले. त्यातील प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मोटारी व संगणकीय नियंत्रण चाकांची घसरण अधिक अचूकपणे रोखतात. तरीही डब्ल्यूडीजी-३ए चे उत्पादन पुढेही चालू राहिले, कारण त्याचे अनेक सुटे भाग आणि दुरुस्तीचे कौशल्य जुन्या अल्को इंजिनांमुळे शेडमध्ये आधीपासून उपलब्ध होते.

विद्युतीकरण आणि रूपांतर
सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उरलेल्या १३,६७५ किलोमीटर ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणास मान्यता दिली. डिझेल इंजिनाचे अपेक्षित आयुष्य ३६ वर्षे असून १८व्या वर्षी त्याची मोठी दुरुस्ती होते. त्यामुळे निम्मे आयुष्य शिल्लक असलेल्या इंजिनांवर हा खर्च करावा की नाही, हा प्रश्न उभा राहिला.

यावर उपाय म्हणून वाराणसीच्या कारखान्याने दोन डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांचे १०,००० अश्वशक्तीच्या जोड-विद्युत इंजिनात रूपांतर केले. हे काम ६९ दिवसांत पूर्ण झाले आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी वाराणसी येथे या इंजिनास हिरवा झेंडा दाखवला. डब्ल्यूएजीसी-३ असे नाव मिळालेल्या या प्रकाराची मोजकीच इंजिने तयार झाली. २०२० मध्ये कारखान्याचे नाव बदलून बनारस रेल्वे इंजिन कारखाना असे करण्यात आले. 'डिझेल' हा शब्द त्यातून वगळला गेला.