वऱ्हाडातील काठवट आणि आपल्या वाडवडिलांची लाकूडविद्या

समाजाच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या कीर्तीचे वर्णन करण्याचा परिपाठ आहे. देवळांचे सभामंडप, वाड्यांचे नक्षीदार खांब, उत्सवाचे रथ यांविषयी पुष्कळ लिहिले जाते व ते योग्यच आहे. परंतु ज्या साध्या वस्तूत अमरावती-अकोल्याकडील घरोघर ज्वारीचे पीठ मळले गेले, त्या काठवटीविषयी चार ओळी लिहिलेल्या आमच्या पाहण्यात नाहीत. ती उणीव यथामती भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. औत, तिफण, वखर व गाडी दुरुस्त ठेवावी आणि खळ्यावर ठरलेली ज्वारी न्यावी, असा व्यवहार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. पुढील वर्षी रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सुतारांच्या बरोबरीने खरादी, म्हणजे लाकूड कातणारे, यांचाही निर्देश आहे. पाळण्याचे खांब, पोळपाट, लाटणे, मीठ-तिखटाच्या वाट्या हे कातकाम. मोठी काठवट मात्र वाकसाने कोरून काढीत.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि येथील कापसास अपूर्व भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली. पुढे सरक्या काढण्याचे व गठ्ठे दाबण्याचे कारखाने निघाले. तेथे आपले अनेक बांधव मिस्त्री म्हणून लागले. दुसरीकडे मेळघाटचे जंगल राखीव झाले. साग, तिवस व हळदू हे लाकूड पूर्वीसारखे सहज हाती येईना. तेव्हा गावच्या सुताराची भिस्त बांधावरील बाभूळ व आंबा यांवर अधिक राहिली. बाभूळ कठीण व टिकाऊ खरी. परंतु नीट न वाळविल्यास उलणारी.

लाकूड उलते का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ओले लाकूड वाळताना आकसते. पण सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने होणारा संकोच गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या संकोचाच्या साधारण दुप्पट असतो. शिवाय कापलेल्या टोकांतून पाणी फार लवकर निघून जाते. बाहेरचा भाग वाळला व आतला ओला राहिला की ताण पडतो आणि चीर जाते. त्यातून आपला मुलूख असा, की वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे चढतो आणि श्रावणात हवा पाण्याने भरलेली असते. अशा हवेत लाकूड अभंग राखणे ही एक विद्याच होती.

ती विद्या आम्ही आमच्या वडिलांच्या हाताखाली पाहिली. झाड थंडीत तोडावे, म्हणजे साल घट्ट राहते. तोडताच टोकांना शेणमातीचा लेप द्यावा. ओंडका उभा चिरून गाभा वगळावा, कारण चीर बहुधा तेथूनच निघते. मग ओलेपणीच कोरावे किंवा कातावे. जाडी सर्वत्र सारखी ठेवावी. एक बाजू जाड व एक पातळ राहिली तर ते भांडे गेलेच. नंतर ते भुशात पुरून सावलीत ठेवावे आणि वाळल्यावर जवसाचे तेल पाजावे.

वडील कधी फांदीच्या अर्ध्या ओंडक्याची वाटी कातीत. दोन खुंटांमधील अणकुचीदार खिळ्यांवर लाकूड धरलेले असे, आम्ही दोरी आळीपाळीने ओढीत असू आणि ते हत्यार लावीत. सालीकडील बाजू तोंडाला ठेवल्याने काठ दोन बाजूंस उंच व दोन बाजूंस सखल होई. तो ते सपाट करीत नसत. लाकूड वाया जाऊ नये एवढाच त्यात विचार. असा काठ पुन्हा कातता येत नाही, म्हणून वाटी एकाच बैठकीत पातळ करावी लागे. वाळताना ती थोडी वाकडी होई, पण उलत नसे.

एका चैत्रात, त्यांच्या परोक्ष, आम्ही बाभळीची एक वाटी कातली आणि लवकर वाळावी म्हणून छपरावर उन्हात ठेवली. सायंकाळपर्यंत ती काठापासून बुडापर्यंत उलली. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बापू, लाकडाले घाई खपत नाही.” पुढे मॅट्रिक होऊन आम्ही शिक्षक झालो. ती वाटी पुन्हा कातून पाहण्याचे मात्र राहून गेले. वडील गेले आणि चरकाचे खुंट सरपणात गेले. तेव्हा आम्ही काही बोललो नाही, याची रुखरुख आजही वाटते.

इंग्लंडातील बकलबरी या गावी जॉर्ज लेली नावाचा कारागीर पायाने चालणाऱ्या चरकावर एल्म वृक्षाची वाडगी कातीत असे. तो १९५८ साली वारला. पण त्याचा चरक रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयात जपून ठेविला आहे. पुढे पाश्चात्य देशांत सालीचा मूळ काठ राखलेली वाडगी कलाकृती म्हणून मांडली जाऊ लागली. आपल्याकडे जे काटकसरीतून घडले, त्याची तेथे प्रदर्शने भरतात. आपण मात्र स्टीलची परात आली म्हणून काठवट माळ्यावर टाकली. स्टीलला आम्ही दोष देत नाही; ते हलके व स्वच्छ आहे. खंत आहे ती माहिती बरोबर पुसली जात आहे याची.

म्हणून समाजबंधुभगिनींना नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी जुनी काठवट असेल त्यांनी ती खाली काढावी, पुसून तेल लावावे, आणि ती कोणी, कोणत्या लाकडाची, कशी केली हे वडीलधाऱ्यांस विचारून वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आमच्या घरची काठवट आम्ही नातवाच्या स्वाधीन केली आहे. तिला अद्याप एकही चीर गेलेली नाही.