पुण्याजवळचा कुंभार आणि कलकत्त्याची सुश्रुतसंहिता

महाराष्ट्र आणि वंगदेश यांच्या संबंधांचा विषय निघाला की बर्गींच्या स्वाऱ्या, त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खणलेला मराठा खंदक आणि सखाराम गणेश देऊस्कर यांचा उल्लेख हटकून येतो. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच. येथे सांगावयाची आहे ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची आणि पुढे चाळीस वर्षांनी कलकत्त्यात छापल्या गेलेल्या एका ग्रंथाची हकीकत. या दोहोंची गाठ कधी पडली नाही. परंतु एकीवाचून दुसरीचा अर्थ नीट लागत नाही.

टिपूविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात मराठे, निजाम आणि इंग्रज एका बाजूस होते. इंग्रजी फौजेच्या सामानाचे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्यास सोडून देण्यात आले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव 'कावसजी' असे आहे. मराठा कुणब्याचे नाव पारशी वळणाचे कसे, हा प्रश्न कोणाही मराठी वाचकास पडेल. मूळ नाव कावजी असावे व लिहिणाऱ्याने ते आपल्या कानाप्रमाणे उतरविले असावे, असे मला वाटते. वर्षभर हा मनुष्य नाकावाचून वावरला. नंतर १७९३ च्या मार्चच्या सुमारास पुण्याजवळच्या एका माणसाने त्यास नवे नाक करून दिले. कंपनीच्या सेवेतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

ते वर्णन मुळातून वाचण्याजोगे आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडवावयाची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखावयाची. सारे मर्म या पट्टीत आहे. नवे नाक जागेवर रुजेपर्यंत त्यास रक्त मिळते ते तिच्यातूनच. सोडविलेली कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची आणि थोटकाभोवती घेतलेल्या छेदात तिची कड बसवावयाची. टाके नाहीत. पाण्यात भिजविलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून त्या एकावर एक पाचसहा लावावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापावयाची. हे सारे भुलीच्या औषधाचा शोध लागण्याच्या अर्धशतक आधी!

रुग्णाचे नाव राहिले. पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची नावे राहिली. कावजीचे चित्र जेम्स वेल्स याने काढले, त्याचेही राहिले. वर्णन लिहिणाऱ्याची निदान आद्याक्षरे तरी आहेत. ज्याने नाक केले, त्याच्याविषयी मात्र 'विटा करणाऱ्या जातीचा' एवढेच शब्द आहेत. आपण त्यास कुंभार म्हणू. सरकारी नस्त्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास यात नवल वाटत नाही. टिपण लिहिणाऱ्याची सही कागदावर राहते, खड्डा खणणाऱ्याची राहत नाही.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ते वर्णन वाचले, प्रेतांवर हात बसविला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. त्याचा दुसरा रुग्ण हा आल्बुएराच्या १८११ च्या लढाईत नाक आणि एक हात गमावलेला अधिकारी होता, म्हणजे जणू कावजीचाच इंग्रजी अवतार. कार्प्यूचा ग्रंथ १८१६ मध्ये निघाला. दोनच वर्षांनी बर्लिनच्या ग्रेफ याचा नासासंधानावरील ग्रंथ आला, आणि युरोपात या विद्येचे नवे युग सुरू झाले.

आता कलकत्त्याकडे वळू. येथील संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकविणारे पंडित मधुसूदन गुप्त यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता १८३५–३६ मध्ये छापून निघाली. नव्याने स्थापन झालेल्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली शवविच्छेदनास हात घालणारे वैद्य ते हेच. त्या प्रसंगी फोर्ट विल्यममधून तोफा उडाल्याची आख्यायिका वंगीय मंडळी अद्याप सांगतात. हेसलरने पुढे सुश्रुताचे लॅटिन भाषांतर केले, त्यास आधार या कलकत्ता प्रतीचा होता. 'हिंदूंना नाक करणे ठाऊक होते' हे विधान ग्रंथाच्या पुराव्याने करता येऊ लागले ते यामुळे.

परंतु तो ग्रंथ उघडून पाहिला म्हणजे निराळेच दिसते. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे असे आहे, कातडीचा एक भाग जोडलेला ठेवण्याचा विचार आहे, एरंडाच्या नळ्याही आहेत; पण कातडी घ्यावयाची ती गालाची. कपाळाचे नाव नाही. पुण्याजवळचा कुंभार पोथीप्रमाणे चालत नव्हता. ही विद्या बापाकडून मुलाकडे, हाताकडून हाताकडे आली असावी आणि वाटेत कोणी तरी गाल सोडून कपाळ धरले असावे. रक्तपुरवठ्याच्या दृष्टीने ती निवड फार शहाणपणाची होती. म्हणून 'सुश्रुताची परंपरा पेशवाईपर्यंत अखंड होती' असे जे आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते, ते मला पुरते पटत नाही. त्यात त्या अनामिक सुधारकांचे श्रेय बुडते. कलकत्त्याचेच शल्यविशारद गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांनी हिंदूंच्या शस्त्रोपकरणांवर १९१३–१४ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. ग्रंथगत विद्येचा इतक्या नेटाने धांडोळा घेणारा कोणी त्या हाताच्या विद्येस वेळेवर लाभला असता तर!

आज शल्यविशारदाचे संशोधन किती प्रभावी ठरले हे त्याच्या निबंधांचा आधार इतरांनी किती वेळा घेतला यावरून मोजतात. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया असो वा अपघातातील जखमींवरील, हिशेब हाच. त्या हिशेबात आमच्या कुंभाराच्या खाती शून्य आहे. तथापि, नाकाचा मोठा भाग गेला असता कपाळावरील त्वचा आणण्याची रीत आजही चालू आहे आणि पाश्चात्त्य ग्रंथांत तिला 'भारतीय पद्धत' म्हणतात. महाराष्ट्रात या शाखेस स्वतंत्र घर मिळाले ते १९५८ साली, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. डॉ. सी. बालकृष्णन यांनी तेथे उभारलेला प्लास्टिक सर्जरीचा विभाग देशातील अशा प्रकारचा पहिला स्वतंत्र विभाग मानला जातो.