आग्या : पेटीत न मावलेली माशी

१/ गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा आणि नवेगावच्या रानात उंच झाडांच्या फांद्यांना आग्या मोहोळे लोंबतात. माणसाने अनेक मधमाश्या पेटीत वसवल्या. आग्या मात्र कधीच वसली नाही. त्यामुळे संशोधकांना तिच्यासाठी निराळी वाट शोधावी लागली.

२/ १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की, चौकटीभोवती सुमारे ९ मिलिमीटर जागा मोकळी ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. त्यातून सरकत्या चौकटींची पेटी घडली आणि पोळे न मोडता मध काढता येऊ लागला.

३/ १९१० च्या सुमारास तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी आपल्याकडील सातेरी माशीसाठी लहान पेटी तयार केली. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या उद्योगांत मधमाशीपालनही होते. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली.

४/ पेटीतील माशी सुरक्षित असतेच असे नाही. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुतांश वसाहती नष्ट केल्या. परागीभवनासाठी रानमाशीचे मोल त्यामुळे अधिकच ठळक झाले.

५/ आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि हंगामानुसार स्थलांतर करते. बंद, अंधारी पेटी तिला मानवत नाही. म्हणून मध काढणारे रात्री टेंभा पेटवत. माश्या जळत, अंडी-अळ्यांसह पोळे पिळले जाई. मध हाती येई, वसाहत संपे.

६/ उत्तर पोळ्याच्या रचनेतच होते. मध फांदीलगतच्या फुगीर भागात साठतो. अंडी-अळ्या त्याखाली असतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही जाण मध काढणाऱ्यांपर्यंत नेली : अंगात संरक्षक पोशाख, आगीऐवजी धूर आणि केवळ मधाचा भाग कापणे. फुलोरा असेल, तर माश्या तो भाग पुन्हा बांधतात आणि त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो.

७/ रानातील अनेक झाडांची फळधारणा याच माश्यांवर अवलंबून असते. टेंभ्याने एक मोहोळ जळते, तेव्हा पुढच्या वर्षी परतणारी एक वसाहतही कमी होते. धूर आणि सुरी वापरणारा मात्र पुढच्या हंगामात त्याच झाडाखाली पुन्हा उभा राहू शकतो.