करमणूक, मनोरंजन आणि एंटरटेनमेंट : तीन शब्दांचा प्रवास

सीमाभागातील मराठी घरांत आज ‘एंटरटेनमेंट’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. ‘सुट्टीत काहीतरी एंटरटेनमेंट हवी’, ‘त्याला फार एंटरटेन करू नकोस’, अशी वाक्ये मुलांच्याच नव्हे, वडीलधाऱ्यांच्या तोंडीही रुळली आहेत. परका शब्द आला म्हणून गळा काढण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. मात्र तो ज्यांच्या जागी येऊन बसला, ते शब्द कोठून आले आणि त्यांनी आपल्यासाठी काय केले, हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. विधवेचे दुःख सांगणारी कादंबरी ‘करमणूक’ नावाच्या पत्रात यावी, यात त्या काळच्या वाचकाला विसंगती वाटली नाही. कारण करमणूक म्हणजे केवळ हसणे-खिदळणे नव्हे. हा शब्द ‘करमणे’ या क्रियापदापासून झाला आहे. सासरी गेलेल्या मुलीला आई विचारते, ‘करमतं ना गं तिथं?’ परगावी शिकायला गेलेला मुलगा कळवतो, ‘इथे करमत नाही.’ मन एखाद्या ठिकाणी रमणे, तेथे परकेपणा न वाटणे, हा त्या क्रियापदाचा गाभा आहे. जिच्यामुळे मनाला असे करमते, ती करमणूक.

पाचच वर्षांनी, १८९५ साली, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले. मराठीतील पहिला दिवाळी अंक १९०९ साली याच मासिकाने काढला. ‘मनोरंजन’ हा संस्कृत घडणीचा शब्द, म्हणून त्याला शेजारधर्म अधिक. हिंदी आणि गुजराती भाषांत तो जसाच्या तसा आहे. त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील मराठी माणसाला तो घरीही भेटतो आणि बाजारातही. कन्नडमध्ये तोच ‘मनरंजने’ या रूपाने वावरतो. गोव्यात कोकणीने ‘मनरिजवण’ असा गोड शब्द घडवला आहे. मन रिझवणे हे त्याचे मूळ मराठी कानाला लगेच ओळखू येते. हैदराबादेतील आपल्या बांधवांना तेलुगूत ‘विनोदम्’ हा शब्द दिसतो. संस्कृतातील ‘विनोद’ म्हणजे मनाला विरंगुळा. तेलुगूने तो अर्थ सांभाळला, मराठीत मात्र तो शब्द थट्टेपुरता आणि हास्यापुरता आकसला. ‘मनोरंजन’ हा असा शेजाऱ्यांशी जोडणारा पूल आहे, तर ‘करमणूक’ हा आपल्या घराचा उंबरठा आहे. सीमेवर राहणाऱ्यांना दोहोंची गरज असते.

परक्या शब्दांशी मराठीचे कधी वैर नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘तमाशा’ अरबी-फारसीतून आला आणि महाराष्ट्राच्या एका अस्सल लोककलेचे नाव झाला. ‘जलसा’ अरबीतून आला आणि सत्यशोधकांनी त्याला प्रबोधनाचे साधन केले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस काढली. कला आपली झाली, नाव इंग्रजीच राहिले, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटला नाही. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा ‘टॉकी’ला ‘बोलपट’ हा चोख मराठी शब्द मिळाला. पुढे सगळेच पट बोलू लागले, ‘बोलपट’ मागे पडला आणि ‘चित्रपट’ व ‘सिनेमा’ शेजारी शेजारी नांदू लागले. शब्द टिकतो तो शुद्धतेमुळे नव्हे. जाहिरातीत, तिकीटखिडकीवर, वर्तमानपत्रात आणि सरकारी कागदावर तो रोज वापरला जातो म्हणून टिकतो.

‘करमणूक’ या शब्दालाही असा आधार होता. मुंबई इलाख्यात १९२३ साली नाटक-सिनेमांच्या तिकिटांवर शुल्क बसवणारा कायदा झाला. मराठीत त्याला करमणूक शुल्क आणि लोकांच्या तोंडी करमणूक कर म्हणू लागले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले आणि सरकारी कागदांवरून मराठी मागे हटत गेली. महाराष्ट्रातही १ जुलै २०१७ पासून हा कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. कर गेल्याचे दुःख कोणी करणार नाही. पण त्याबरोबर या शब्दाचा एक सरकारी निवाराही गेला.

आता एकाच इंग्रजी शब्दाने किती मराठी शब्दांच्या जागा बळकावल्या, ते पाहावे. पाहुण्यांना ‘एंटरटेन’ करणे म्हणजे त्यांचे आदरातिथ्य किंवा सरबराई. अर्ज ‘एंटरटेन’ न होणे म्हणजे त्याची दखल न घेतली जाणे. लघळ माणसाला ‘एंटरटेन’ न करणे म्हणजे त्याला दाद न देणे, थारा न देणे. मुलांना ‘एंटरटेन’ करणे म्हणजे त्यांना रमवणे, रिझवणे. एक शब्द आत आला आणि अर्धा डझन शब्द दाराबाहेर उभे राहिले. हे नुकसान शब्दसंख्येचे नाही, अर्थांतील भेद ओळखण्याच्या शक्तीचे आहे.

सीमाभागात मराठीला सरकारी फलकाचा आधार नाही. म्हणून नाट्यमंडळांच्या हस्तपत्रकांवर, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकांवर, वाचनालयांच्या सूचनाफलकांवर ‘करमणुकीचे कार्यक्रम’ हेच शब्द छापले जावेत, असा आमचा आग्रह आहे. तेथे सरकारी परवानगी लागत नाही, केवळ आपली इच्छा लागते. ज्या भाषेत आपल्याला करमते, तीच आपली भाषा. आणि हे सांगणारे क्रियापदच आपल्या मुलांच्या तोंडून नाहीसे झाले, तर आपण कशासाठी झगडत आहोत, हे त्यांना कोणत्या शब्दांत समजावणार?