पत्त्यावरचे राज्य आणि पत्रातले घर

सीमाभागाचा इतिहास आपण बहुधा ठराव, आयोग आणि दावे यांतून वाचतो. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनातील संयुक्त महाराष्ट्राचा ठराव, १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा. हे टप्पे आपल्याला पाठ आहेत. याच इतिहासाचे दुसरे साधन मात्र आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांत पडून आहे. ते म्हणजे कौटुंबिक पत्रव्यवहार.

खासबागेपुरते पाहू. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा परिसर. शहापूर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानात होते, तर बेळगाव मुंबई इलाख्यात. म्हणजे सरहद्द येथे नवी नव्हती. परंतु त्या सरहद्दीने सोयरिकी थांबवल्या नाहीत आणि नात्यांची भाषाही पालटली नाही.

१९५६ ची रेषा निराळी ठरली. तोवर चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. खासबागेतून चंदगडच्या खेड्यात दिलेली लेक एका रात्रीत परराज्यात गेली. पुढे १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले. पाकिटावरचे राज्य असे बदलत गेले. आतला ‘तीर्थरूप अण्णांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ हा आरंभ तसाच राहिला.

त्या ठरीव आरंभानंतर खरे घर सुरू होते: पाऊस, पेरणी, सुताचा भाव, म्हैस व्याल्याची वार्ता, गिरणीत कामाला गेलेल्या मुलाची चौकशी. मुलाचे उत्तर पुष्कळदा मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळींत मावे. निपाणीकडच्या घरांत तंबाखूचा हंगाम हाच लग्नाच्या खर्चाचा आधार. बोलीतले ‘येऊलालोय’ लिहिताना ‘येत आहे’ होई. जेथे ते तसेच निसटून उतरे, तेथे माणसाचा आवाज ऐकू येतो. अक्का, अण्णा ही संबोधने कन्नडशी असलेला जुना शेजार सांगतात. आमच्या मराठीचा हक्क सिद्ध करण्यासाठी तो शेजार नाकारण्याची गरज नाही.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. मृत्यूची वार्ता आणणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे आणि ते वाचून लगेच नष्ट करण्याची रीत होती. म्हणून गाठोड्यात लग्ने सापडतात, मरणे सापडत नाहीत. शिवाय निरक्षर सासुरवाशिणीचे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहिले जाई आणि तिला आलेले पत्र दुसराच वाचून दाखवी. सासरचा माणूस लेखणी धरून समोर बसलेला असताना ‘येथील सर्व क्षेम’ या तीन शब्दांमागे काय दडले असेल, हे वाचकाने जाणावे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बरीच पत्रे मोडी लिपीत आहेत. नातवंडांना ती वाचता येत नाहीत; घर पाडताना, वाटण्या होताना ती रद्दीत जातात. सरकारी दफ्तर कोणत्या राज्याने कोणत्या भाषेत ठेवावे, हा वाद चालू राहील. घरचे दफ्तर राखणे मात्र आपल्याच हाती आहे.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना आमची विनंती अशी की, ट्रंक उघडावी, पाकीट आणि पत्र वेगळे करू नये, टपालाचा शिक्का जपावा. मोडी जाणणारे वडीलधारे असतील तोवर त्यांच्याकडून ते वाचून घ्यावे आणि देवनागरीत उतरवून ठेवावे. घरातील खाजगी दुःख चारचौघांत मांडू नये; परंतु ते जाळूही नये. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. या भूमीत कोण कोणाला कोणत्या भाषेत आई म्हणत होते, याची साक्ष तोवर टिकली पाहिजे.