सर सय्यद, चांदा जिल्हा आणि आपले मत

दरवर्षी १७ ऑक्टोबरला उर्दू शाळांत सर सय्यद अहमद खान यांची जयंती साजरी होते. मुले अलीगढवर बोलतात, १८७५ मध्ये सुरू झालेल्या मदरशावर बोलतात. मीही वर्षानुवर्षे मुलांना तीच भाषणे लिहून दिली. सर सय्यद यांच्या एका गाजलेल्या भाषणाचा संबंध थेट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी आहे, हे मात्र त्यांत कधी आले नाही.

ते भाषण १२ जानेवारी १८८३ चे, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातले. विषय होता मध्य प्रांतासाठी स्थानिक स्वराज्याचा कायदा. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि गडचिरोली चांदा जिल्ह्यात. वेगळा गडचिरोली जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. चांदा शहरात नगरपालिका १८६७ पासून होती. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक कारभारात लोकांना वाटा देण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यातून आता जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे येणार होती.

सर सय्यद यांनी कायद्याला पाठिंबा दिला, पण एक इशाराही दिला. इंग्लंडमध्ये निवडणुकीची पद्धत चालते, कारण तिथे लोक जातिधर्माच्या भिंतींनी इतके विभागलेले नाहीत. इथे मत जात आणि धर्म पाहून पडेल आणि मोठा समाज लहान समाजाचे हित झाकून टाकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून एक तृतीयांश सभासद नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला, याचे त्यांनी स्वागत केले.

ही भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. निवडणूक आली की चहाच्या टपरीवर कोणत्या गल्लीत कोणाची किती मते, हा हिशेब आजही जातीधर्मानेच मांडला जातो. पण त्या कायद्याने मत कोणाला दिले होते, तेही पाहू. लोकल बोर्डावर गावोगावच्या मुकादमांचे आणि व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी निवडले जायचे. गोंड शेतकरी, विणकर, मजूर, घरातली बाई यांना मत नव्हते. ज्या बहुसंख्येची भीती घातली जात होती, तिच्या हातात मतपत्रिका आलीच नव्हती.

पुढे १९०९ मध्ये कायदेमंडळांसाठी मुसलमानांचे स्वतंत्र मतदारसंघ आले. १९५० च्या राज्यघटनेने ते ठेवले नाहीत. सर्वांची मतदारयादी एक आणि प्रत्येक प्रौढाला एक मत, असे ठरले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या सभागृहांना पाच वर्षांची मुदत आणि महिलांना राखीव जागा दिल्या. धर्माच्या नावावर जागा नाही. पण मोमीन, पिंजारी, अत्तार अशा मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत आणि ओबीसींच्या राखीव जागांवर त्यांतले उमेदवार उभे राहू शकतात.

अडचण संपली असे नाही. चंद्रपूरची २०११ मध्ये महानगरपालिका झाली. सभागृहात ६६ नगरसेवक. २०१७ पासून बहुतेक प्रभाग चार जणांचे आहेत. वॉर्ड लहान असेल तर मोहल्ल्याचा माणूस निवडून येतो. चार जणांच्या प्रभागात तोच मोहल्ला एका कोपऱ्यात जातो. सर सय्यद यांची शंका इथे आठवते. पण अटीतटीच्या लढतीत त्या कोपऱ्यातही प्रत्येक उमेदवाराला हात जोडून यावे लागते, हेही खरे.

ते येणे बंद झाले की काय होते, हे आपण नुकतेच पाहिले. एप्रिल २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, म्हणून निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच जुलैमध्ये इरईला पूर आला, रहमतनगरात पाणी शिरले. तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता. अधिकारी चांगला असो वा वाईट, तो पुढच्या निवडणुकीत आपल्या दारात येणार नसतो. त्याची बदली होते.

अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. मधली जवळजवळ पावणेचार वर्षे शहर पूर्णपणे नेमलेल्या माणसाच्या हाती होते. सर सय्यद यांना ज्या नेमणुकीत लहान समाजाचे संरक्षण दिसले, तिचे हे टोक. मी ज्याला मत दिले नाही असा नगरसेवकही मला या व्यवस्थेपेक्षा बरा वाटतो, कारण नाली तुंबली की त्याच्या घरी जाऊन बसता येते आणि पाच वर्षांनी त्याला नाही म्हणता येते.

येत्या १७ ऑक्टोबरच्या भाषणात अलीगढबरोबर चांद्याचेही नाव घालणार आहे. सर सय्यद यांची भीती मुलांना सांगेन. मग रहमतनगरातल्या पाण्याचीही गोष्ट सांगेन, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की मतदारयादीत नाव आहे का ते स्वतः पाहायला सांगेन.